कोपऱ्यातला बिनहेडबोर्डचा पलंग: सजावट टिकत नसेल तर काय काय तपासायचं

गाद्या, लोड, खोळी आणि पडदे शिवायच्या कामासाठी मी ठाणे-डोंबिवलीकडच्या लहान घरांमध्ये जाते. एक तक्रार मला सारखी ऐकायला मिळते. खोली दहा बाय दहाची, पलंग दोन भिंतींच्या कोपऱ्यात सारलेला, त्याला हेडबोर्ड म्हणजे डोक्याकडची उभी फळी नाही. नव्या उशा आणल्या, चांगली चादर घातली, दोन दिवस कोपरा देखणा दिसला आणि आठवड्यात पुन्हा सगळं विस्कटलं. मग फोन येतो, "ताई, आणखी चार कुशन करून द्या ना."

मी लगेच माप घेत नाही, आधी पलंग ओढायला सांगते. बहुतेक घरांत दोष कुशनचा नसतो. तो पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत असतो, भिंतीच्या रंगात असतो, ओलीत असतो, नाहीतर पलंगाच्या पायांत असतो. तो शोधल्याशिवाय घेतलेलं कापड वाया जातं आणि पैसेही. म्हणून मी ज्या क्रमाने बघते तोच क्रम इथे देते. सुरुवातीच्या गोष्टींना काही खर्च नाही.

लक्षणं

- सकाळी उशी किंवा मोबाइल पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडलेला सापडतो.
- दर थोड्या दिवसांनी पलंग भिंतीपासून दोन बोटं पुढे आलेला असतो.
- डोकं टेकतं तिथे भिंतीवर तेलकट, काळपट डाग पडतो, किंवा उलट भिंतीचा रंग पाठीला लागतो.
- लोड आणि कुशन जागेवर राहत नाहीत. बसलं की पाठीला पोक येतं आणि माणूस हळूहळू आडवा होतो.
- चादर नेमकी आतल्या कोपऱ्यात सुटते.
- कोपऱ्याला कुबट वास येतो, गादी खालून दमट लागते, तिच्यावर काळे ठिपके दिसतात.
- सगळं नवं असूनही पलंग तात्पुरता आणून ठेवल्यासारखा दिसतो.

यातलं सहावं लक्षण असेल तर बाकीचं सगळं थांबवा आणि खालच्या पहिल्या दोन तपासण्या पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

पलंग ओढा आणि नुसतं बघा

गादी काढून दुसऱ्या भिंतीला उभी करा. पलंग दोन्ही भिंतींपासून हातभर पुढे घ्या. बॉक्स पलंग असेल तर आतल्या रजया, पातेली, जुनी पुस्तकं आधी बाहेर काढा. भरलेला बॉक्स फरफटत ओढला की पाय वाकतात आणि खालचा प्लाय सुटतो.

आता मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी टेकवून, तिरपा धरा. समोरून मारलेल्या उजेडात भिंत सपाट दिसते. तिरप्या उजेडात रंगाला आलेला फुगवटा, सुटत आलेले पोपडे, लोणा लागून आलेली पांढरी भुकटी हे सगळं उठून दिसतं. हाताचा मागचा भाग भिंतीला लावून बघा. कोपऱ्यातली भिंत आणि खोलीच्या मधली भिंत यांच्या गारव्यात फरक जाणवला तर तो लक्षात ठेवा.

तीन गोष्टी मुद्दाम शोधा. भिंतीवर किंवा पलंगाच्या पायावर मातीच्या बारीक नळ्या असतील तर ती वाळवी आहे. गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यांत शाईच्या टिंबासारखे काळे ठिपके असतील तर ढेकूण आहेत. आणि पलंगामागे सॉकेट असेल तर त्याच्या भोवती पिवळट किंवा काळपट छटा आहे का ते पाहा. पलंगामागे चार्जर कायमचा खुपसलेला असतो, पलंग मागे सारला की त्याची पिन तिरकी होते, सॉकेटमधला जोड ढिला पडतो आणि तापायला लागतो. एका घरी मी लोडाच्या मापासाठी पलंग ओढला तेव्हा सॉकेटचं प्लॅस्टिक एका बाजूने वितळलेलं होतं आणि त्याला लागूनच कापसाची गादी होती. कुठल्याही सजावटीआधी ही एक गोष्ट बघितलीच पाहिजे.

यातलं काहीही आढळलं तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

ओल आहे की नुसता दमटपणा

मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात सगळंच दमट होतं, म्हणून "आमच्याकडे ओल नाही, हवाच तशी आहे" असं लोक म्हणतात. ते खरंही असू शकतं. फरक कळण्यासाठी फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा जाड तुकडा घ्या, पलंगामागे भिंतीला लावा आणि चारही बाजू चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा वाफ धरली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला ओलसर असेल तर दमटपणा हवेतला आहे.

हवेतला असेल तर उपाय सोपा आहे. जून ते सप्टेंबर पलंग दोन्ही भिंतींपासून तीन-चार इंच पुढे ठेवा, आठवड्यातून एकदा गादी उभी करून पंख्याखाली वाळवा, बॉक्सचं झाकण अर्धा दिवस उघडं ठेवा. पश्चिमेकडची किंवा नैऋत्येकडची बाहेरची भिंत असेल तर हे करायलाच हवं, कारण आपल्याकडचा पाऊस त्याच बाजूने झोडपतो.

भिंतीतून येत असेल तर आणखी एक खूण पाहा. डाग फक्त पावसात वाढतो का? मग बाहेरची भिंत पाणी पितेय. उन्हाळ्यातही तसाच राहतो का? मग पलीकडे न्हाणीघर किंवा पाण्याची नळी आहे का ते शोधा. एसीचं पाणी वाहून नेणारी नळी त्या कोपऱ्यातून जात असेल तर ती आधी तपासा, ती तुंबली की पाणी भिंतीत मुरतं.

ओल असलेल्या भिंतीवर प्लायचं पॅनल, वॉलपेपर किंवा जाड कापड लावू नका. डाग झाकला जातो, पण मागे हवा कोंडते, बुरशी वाढते, प्लाय फुगतो आणि वाळवीला आयतं खाद्य मिळतं. हेडबोर्ड नाही म्हणून घाईने पॅनल बसवलेल्या घरांत हेच सगळ्यात जास्त पाहिलं आहे.

फट नेमकी कुठून येते

भिंत कोरडी असेल तर पलंग पुन्हा मागे सारा, अगदी टेकेपर्यंत. आता वाका आणि खाली बघा तो कुठे अडला आहे. बहुतेक घरांत पलंगाचा पाय फरशीच्या स्कर्टिंगला टेकलेला असतो. तीन-चार इंच उंचीची ती टाइलची पट्टी भिंतीच्या पुढे एक-दीड सेंटिमीटर येते. पाय तिथे अडतो आणि वर गादी भिंतीपासून तेवढी लांब राहते. गादी पलंगापेक्षा अर्धा-पाऊण इंच लहान असेल तर ती फट आणखी वाढते. मोबाइल गिळायला एवढी पुरते.

दुसरं कारण म्हणजे कोपराच काटकोनात नसणं. गवंड्याने काटकोन बघायचा गुण्या नीट लावला नसेल तर पलंग एका टोकाला भिंतीला टेकतो आणि दुसऱ्या टोकाला दोन इंच लांब राहतो. तपासायला टेप आणि पेन्सिल पुरे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर काटकोन आहे. जास्त आलं तर कोपरा उघडा आहे, कमी आलं तर मिटलेला. उघडा किंवा मिटलेला कोपरा दुरुस्त करता येत नाही. मग एक भिंत निवडायची, पलंग तिला पूर्ण समांतर लावायचा आणि सगळी तफावत दुसऱ्या बाजूला घ्यायची. उशागत, म्हणजे डोक्याची बाजू, ज्या भिंतीला आहे तिथे फट ठेवू नका, लांब बाजूला चालते, कारण तिथे ती भरणं सोपं असतं.

फट भरायला मी फोमची पट्टी करते. फोम फटीपेक्षा अर्धा इंच जाड घ्यायचा, म्हणजे तो दाबून बसतो. उंची गादीच्या जाडीएवढी, लांबी पलंगाएवढी. त्याला मांजरपाटाची खोळ, एका टोकाला चेन. खोळीला खालच्या काठाला चार बोटं कापड जादा सोडते आणि ते गादीखाली दुमडून घालते, म्हणजे पट्टी खाली घसरत नाही. फोमऐवजी जुनी चादर घट्ट गुंडाळूनही काम भागतं, फक्त ती दमट धरते, तेव्हा पावसाळ्यात काढून ठेवा. फट तीन इंचांहून मोठी असेल तर फोम टिकत नाही. तिथे सुताराकडून पलंगाच्या चौकटीला गादीच्या उंचीएवढी अरुंद फळी लावून घ्या. पाण्याची बाटली, चष्मा ठेवायलाही ती उपयोगी पडते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. घरात तान्हं बाळ असेल तर त्याला भिंतीकडच्या बाजूला झोपवू नका, फट भरली असली तरी. बाळ सरकून गादी आणि भिंत यांच्यात अडकू शकतं आणि मऊ पट्टी, लोड, उशा यांनी त्याचा श्वास कोंडू शकतो. बाळासाठी वेगळी, सपाट, मोकळी जागा हवी.

पलंग पुढे का सरकतो

फट भरली तरी पलंग सरकत असेल तर पायांकडे वळा. गुळगुळीत टाइलवर लाकडी किंवा लोखंडी पाय, आणि वर बसणारा माणूस पाठीने भिंतीला रेटतो. हेडबोर्डच्या पलंगात हा जोर पलंगातच जिरतो, इथे तो पलंगालाच पुढे ढकलतो. म्हणून हेडबोर्ड नसलेला पलंग जास्त सरकतो.

आधी पलंग डुगडुगतो का ते बघा. चारही पायांखाली जाड कागद सरकवून पाहा. एखाद्या पायाखाली तो सहज गेला तर तो पाय अधांतरी आहे. पाणसळ असेल तर ठेवून बघा, नसेल तर पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवूनही अंदाज येतो. पायांचे नट-बोल्ट आवळा. मग चारही पायांना रबरी बूट घाला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पायाचं माप नेमकं घेऊन जा, ढिला बूट दोन महिन्यांत फाटतो.

खुर्चीच्या पायाला लावतात ते नमद्याचे तुकडे इथे लावू नका. ते घसरण्यासाठीच असतात. पलंगाला चाकं असतील तर ब्रेकवाली हवीत, आणि ब्रेक आतल्या नाही, बाहेरच्या बाजूच्या चाकांना, नाहीतर तो लावायला कुणी आत शिरत नाही.

उशागत ठरवा, मग बसण्याची खोली मोजा

हेडबोर्ड नसला की पलंगाचं डोकं कुठलं हे पलंग सांगत नाही. कोपऱ्यात तर दोन भिंती आहेत, त्यामुळे घरातला एक जण इकडे डोकं करतो, दुसरा तिकडे आणि उशा दिवसभर फिरत राहतात. आपल्याकडे दक्षिणेला पाय करू नये असं बरीच घरं पाळतात. तुम्ही पाळत असाल तर तेवढ्यावरच भिंत ठरते. नसाल तर खिडकी डोक्यावर येणार नाही, एसीचा झोत तोंडावर येणार नाही आणि रात्री उठणाऱ्याला उतरायची मोकळी बाजू मिळेल अशी आखूड भिंत निवडा. घरात वयस्कर माणूस असेल तर मोकळी बाजू न्हाणीघराकडे हवी. हेडबोर्ड नसल्यामुळे उठताना धरायला काही नसतं, हेही ध्यानात घ्या.

आता बसण्याचं. या तक्रारीचं कारण लोक सगळ्यात जास्त चुकीचं समजतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. सिंगल गादीची रुंदी साधारण ३६ इंच असते. पाय जमिनीवर सोडून बसणाऱ्या माणसाला पाठीपासून गुडघ्यामागपर्यंत २० ते २२ इंच बैठक पुरते. म्हणजे मागे १४ इंच मोकळे राहिले. ते भरले नाहीत तर माणूस एकतर पुढे बसतो आणि पाठीला आधार मिळत नाही, किंवा भिंतीला टेकायला मागे सरकतो, पाय लोंबकळतात, आणि पंधरा मिनिटांत घसरून आडवा होतो. सोळा इंची चौकोनी कुशन भिंतीला उभं केलं तर ते जेमतेम चार-पाच इंच भरतं. म्हणून चार काय, आठ कुशन रांगेत लावली तरी पाठ दुखायची ती दुखतेच.

१४ इंच भरायचा मार्ग आपल्याकडे जुनाच आहे: मागे लोड, पुढे तक्क्या. बैठकीला हेडबोर्ड कधी नव्हताच. गादी, वर पांढरी चादर, भिंतीशी लोड, त्यापुढे टेकायला तक्के, आणि त्यावर माणसं तासन्‌तास बसत. ९ इंच व्यासाचा लोड भिंतीशी ठेवा, त्यापुढे ५ इंची कुशन. १४ इंच भरले आणि पुढे २२ इंचांची बैठक उरली. चार फुटी पलंग असेल तर पाय सोडून बसण्याचा हिशोब जमत नाही. तिथे मांडी घालून बसणं गृहीत धरा आणि लोड एकच, जरा मोठा, ठेवा.

लोड जागेवर राहावा म्हणून

लोड घसरण्याची दोन कारणं असतात: तो हलका आहे, किंवा त्याचं कापड निसरडं आहे. पॉलिस्टर भरलेला, वेलवेटचा लोड सॅटिनच्या चादरीवर राहणं शक्यच नाही. कापसाचा लोड जड असतो, म्हणून तो बसल्या जागी राहतो. गादीवाल्याकडे देताना भरती घट्ट करायला सांगा, पहिल्या दोन महिन्यांत कापूस दबतोच. फोम हवा असेल तर निदान ३२ डेन्सिटीचा घ्या, त्याहून हलका लवकर बसतो. आतली खोळ मांजरपाटाची, वरची हातमागाच्या किंवा जाड सुती कापडाची. त्याला चादरीवर पकड मिळते.

शिवायला बसणाऱ्यांसाठी माप देते. ३६ इंच लांब, ९ इंच व्यासाचा लोड. घेर साधारण सव्वाअठ्ठावीस इंच येतो, शिलाईची माया धरून ३० इंच घ्या. लांबी ३६, दोन्ही टोकं मध्यापर्यंत झाकायला साडेचार-साडेचार इंच, आणि नाडी ओवायच्या नेफ्याला दोन्हीकडे दीड-दीड. एकूण ४८ इंच. म्हणजे ४८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर एका लोडाला ३० इंच कापड लागतं आणि पन्ह्याचा काठच टोकाला येतो. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. सुती कापड आटतं. त्यामुळे टोकाला मध्यभागी छोटं भोक राहिलं तर कापडी चकती किंवा गोंडा लावून झाका. खणाचा लोड बऱ्याच जणींना हवा असतो. खणाचा पन्हा लहान असतो, तेव्हा तो मध्यावर पट्टी म्हणून घ्या आणि दोन्ही टोकांना साधं सुती कापड जोडा. दिसतो छान आणि कापडही वाया जात नाही.

एवढं करूनही लोड सरकत असेल तर त्याच्याखाली रबरी जाळीचा तुकडा घाला. चादरीखाली घातला तरी चालतो.

भिंतीचा डाग

केसांचं तेल भिंतीत मुरतं. किती मुरेल ते रंगावर ठरतं. ओलं फडकं भिंतीच्या एका कडेला हलकेच घासा. फडक्याला रंग आला तर भिंतीला डिस्टेंपर किंवा चुना आहे. तो धुता येत नाही, घासला की निघतो, आणि म्हणूनच पाठीलाही लागतो. रंग आला नाही तर इमल्शन असावं. ते भांड्यांच्या साबणाच्या पातळ पाण्याने, मऊ फडक्याने, न रगडता पुसता येतं.

डाग गादीच्या वर साधारण २४ ते ३४ इंचांच्या पट्ट्यात पडतो, बसलेल्या माणसाचं डोकं तिथे येतं. म्हणून उशागतीच्या भिंतीला पांघरूण हवं असेल तर ते गादीच्या जरा खालून सुरू होऊन ३६ इंच वर जायला हवं. या मापाला सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे तीन बाय सहाची सतरंजी, आडवी टांगलेली. वरच्या काठाला मागून दीड इंचाचा नेफा शिवा, पडद्याची बारीक दांडी घाला, दोन हुकांवर टांगा. महिन्याने काढून धुता येते. चार फुटी पलंगाच्या उशागतीला ती दोन फूट जास्त होते. ती जास्तीची बाजू कोपऱ्याकडे वळवून लांब भिंतीवर घ्या. दोन भिंती एका कापडाने जोडल्या गेल्या की कोपरा एकसंध दिसतो. पलंग तात्पुरता ठेवल्यासारखा दिसण्यावर मला सापडलेला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

भाड्याचं घर असेल, अकरा महिन्यांचा करार असेल आणि मालक खिळा मारू देत नसेल, तर चिकटणारे हुक फक्त इमल्शनवर आणि फक्त हलक्या कापडासाठी वापरा. डिस्टेंपरवर ते रंगासकट निघतात. सतरंजीच्या वजनाला तर ते नाहीतच. त्यापेक्षा लोडच उंच घ्या.

चादर

आतल्या कोपऱ्यात हात पोचत नाही म्हणून तिथे चादर कमी खोचली जाते आणि तिथूनच सुटते. इलॅस्टिकची चादर घ्या, तिचा खिसा गादीच्या जाडीपेक्षा दोन इंच जास्त खोल हवा. घालताना आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, मग तिरप्या समोरचा कोपरा. साधी चादर आवडत असेल तर आतल्या दोन बाजूंना भरपूर खोचा आणि वर सोलापुरी चादर अंथरा. तिच्या वजनाने खालची हलत नाही.

रंग आणि उजेड

हे शेवटी. कोपऱ्यात मधल्या ट्यूबलाइटचा उजेड पाठीमागून येतो आणि बसणाऱ्याची सावली पुस्तकावर पडते. पिवळसर प्रकाशाचा एक लहान दिवा, उशागतीच्या भिंतीवर किंवा बाजूच्या फळीवर, पुरेसा आहे. दिव्याची वायर लोडामागून किंवा गादीखालून नेऊ नका. रंगवायचं असेल तर दोन्ही भिंतींवर एकाच उंचीचा पट्टा द्या, जमिनीपासून साडेचार फुटांच्या आसपास. डोक्याचा डाग त्याच्या आत राहतो. खालचा रंग गडद आणि धुता येणारा घ्या. डोक्यावर जड फ्रेम किंवा काचेचं काही लावू नका, ते लांब भिंतीवर, पायांकडे लावा.

भिंतीत भोक पाडायची वेळ आली तर

दांडी, फळी किंवा गादीदार पॅनल पक्कं बसवायचं असेल तर आधी भिंत कशाची आहे ते ओळखा. टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला आणि ड्रिल लोण्यासारखं आत शिरलं, पांढरी भुकटी आली, तर ते सिपोरेक्स, म्हणजे हलके सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक आहेत. साधा प्लॅस्टिकचा प्लग त्यात काही दिवसांत ढिला होतो, त्यासाठी वेगळे प्लग मिळतात. लाल भुकटी आली तर वीट. ड्रिल पुढे जाईना आणि राखाडी भुकटी आली तर तो कॉलम किंवा बीम असण्याची शक्यता आहे. तिथे जोर करू नका, जागा बदला.

स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच रेषेत आडवं कुठेही भोक पाडू नका, वायरच्या नळ्या तिथूनच गेलेल्या असतात. पलीकडे न्हाणीघर असेल तर त्या भिंतीत अजिबात नको. भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार नाही असं वाटलं तर तिथेच थांबा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सॉकेट तापतंय, काळं पडलंय किंवा चुरचुर आवाज येतोय: मेन स्विच बंद करा, पलंग लांब घ्या, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तिथे काही लावू नका.

प्लॅस्टिकच्या चाचणीत भिंतीकडून पाणी दिसलं: गळतीचं काम करणाऱ्याला बोलवा. सोसायटीत राहत असाल आणि पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर ते काम साधारणपणे सोसायटीच्या जबाबदारीत येतं. फोटोसकट लेखी अर्ज द्या, पावसाळ्याआधी द्या, पोच घ्या. वरच्या घरातून गळत असेल तर त्या घराशी आणि कमिटीशी एकत्र बोला. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय नवा रंग देऊ नका.

ढेकूण किंवा वाळवी: दुकानातला फवारा मारला तर ढेकूण शेजारच्या खोलीत जातात. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, तोपर्यंत पलंग भिंतींपासून वेगळा ठेवा आणि त्या खोलीतली गादी, उशा, चादरी दुसऱ्या खोलीत नेऊ नका. धुण्याजोगं कापड पिशवीत बांधून थेट गरम पाण्यात घाला.

पलंगाची चौकट तडकली आहे, बोल्ट आवळूनही डुगडुगते: सुतार. त्याला सांगताना "मजबूत करून द्या" एवढंच सांगू नका. गादीचं माप, फटीची दोन्ही टोकांची मापं आणि स्कर्टिंगची जाडी कागदावर लिहून द्या. स्कर्टिंगची जाडी कळली तर तो मागचे पाय तेवढे आत घेऊन देतो आणि पलंग वरून भिंतीला सपाट टेकतो.

बुरशीच्या खोलीत झोपून खोकला, दमा वाढतोय, किंवा लोड नीट लावूनही मान-पाठ दुखायची थांबत नाही: डॉक्टरांना दाखवा. आणि दाखवेपर्यंत त्या कोपऱ्यात झोपणं बंद ठेवा.